मुळगावकरांचा एअरब्रश आणि माझं तुंबलेलं नॉझल

आज एअरब्रशबद्दल लिहायचं आहे, पण सुरुवात यंत्रापासून करत नाही. सुरुवात आजीच्या देवघरावरच्या लक्ष्मीपासून करतो.

आजीचा सदाशिव पेठेतला वाडा पाडून तिथे इमारत होणार, म्हणून गेल्या एप्रिलमध्ये आम्ही सामान आवरत होतो. देवघराच्या वर एक काचेची फ्रेम होती. आत कमळात उभी असलेली लक्ष्मी, खालून कापलेलं चित्र. म्हणजे कधीतरी कुठल्यातरी दुकानाचं कॅलेंडर होतं, वर्ष संपल्यावर तारखांचा भाग कापून चित्र फ्रेम केलेलं. एका कोपऱ्याला कसर लागलेली. मी फार विचार न करता ती फ्रेम रद्दीच्या ढिगावर ठेवली. आजीने ती उचलली, पदराने पुसली आणि स्वतःच्या पिशवीत ठेवली. मला काही बोलली नाही. पुढचे दोन दिवसही काही बोलली नाही.

त्याच आठवड्यात माझं दुसरं एक काम अडलेलं होतं. मी प्लास्टिकची स्केल मॉडेल्स करतो. तेव्हा टेबलावर १:७२ मापाचं हॉकर हरिकेन होतं, १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत आपल्या हवाई दलाच्या एक नंबरच्या स्क्वाड्रनने वापरलं तसं, तपकिरी आणि हिरव्या पट्ट्यांचं. तपकिरी रंग झाला. हिरवा मारायला घेतला आणि चार मिनिटांत एअरब्रश थुंकायला लागला. आधी बारीक ठिपके, मग नुसती हवा. सुई काढली, पुसली, परत घातली. परत चार मिनिटं. तिसऱ्या वेळी पंखावर हिरव्या गुठळ्यांची रांगोळी उठली.

वैतागून उठलो आणि आजीची समजूत काढायची म्हणून त्या फ्रेमची काच साफ करायला घेतली. तेव्हा पहिल्यांदा ते चित्र नीट बघितलं. लक्ष्मीच्या डोक्यामागचं तेजोवलय आतून पिवळं, बाहेर जाताना केशरी, मग निळ्यात विरून गेलेलं. मधे कुठे ब्रशचा फटकारा नाही, कुठे कड नाही. गालावरची सावली कुठे सुरू होते ते बोट ठेवून सांगता येत नाही. चार वर्षं एअरब्रश हातात धरून मला एवढं कळत होतं की हे ब्रशचं काम नाही, फवाऱ्याचं आहे. कोपऱ्यात सही होती मुळगावकरांची. थोडक्यात, माझ्या यंत्राच्या उस्तादाचं काम मी रद्दीत काढत होतो.

गोव्याहून गिरगावात

रघुवीर मुळगावकरांचा जन्म १९१८ चा, गोव्यातल्या अस्नोड्याचा. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि चित्रांवर पोट भरायचं तर मुंबई गाठण्याला पर्याय नव्हता. छापखाने तिथे, प्रकाशक तिथे, सिनेमा कंपन्या तिथे. मुळगावकर तरुणपणीच मुंबईत आले आणि पुढचं सगळं काम त्यांनी तिथूनच केलं.

त्या काळी मराठी घरात रंगीत चित्र येण्याच्या वाटा मोजक्या होत्या. देवांची छापील चित्रं घराघरात नेण्याचा पाया राजा रविवर्म्याच्या छापखान्याने घातला होता. तो छापखाना मुंबईहून लोणावळ्याजवळ मळवलीला हलला, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यातच. पुढच्या पिढीत ही जागा दुकानं आणि पेढ्या फुकट वाटत त्या कॅलेंडरांनी घेतली. दुसरी वाट पुस्तकांच्या आणि मासिकांच्या मुखपृष्ठांची, आणि तिसरी, सगळ्यात मानाची, दिवाळी अंकांची. मुळगावकर या तिन्ही वाटांवर भेटतात. राम, कृष्ण, दत्त, शंकर-पार्वती, शिवाजी महाराज, आणि त्याच हाताने काढलेले बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचे झुंजार आणि काळा पहाड. अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. त्यांतल्या कितीतरी पुस्तकांकडे वाचकाचा हात आधी गेला तो मुखपृष्ठामुळे, असं माझं मत आहे. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुन्या पुस्तकांत कधी अशी प्रत सापडली तर सोडू नका.

या क्षेत्रात त्यांचं नाव नेहमी दीनानाथ दलालांच्या बरोबरीने घेतलं जातं. दलालही गोव्याचेच, १९१६ साली मडगावात जन्मलेले, आणि १९४५ पासून स्वतःचा दीपावली हा अंक काढणारे. दोघांची चित्रं शेजारी ठेवली तर फरक लगेच दिसतो. दलालांची ताकद रेषेत आणि सपाट रंगांच्या मांडणीत. मुळगावकरांकडे रेषा जवळजवळ नाहीशी होते. शरीराला गोलाई येते ती एका रंगातून दुसऱ्या रंगात न कळत जाण्याने. आणि हे न कळत जाणं साधायचं त्यांचं हत्यार होतं स्प्रे, म्हणजेच एअरब्रश.

यंत्र आलं कुठून?

एअरब्रशचा जन्म अमेरिकेतला. १८७६ मध्ये फ्रान्सिस स्टॅन्ली या माणसाने फोटो रंगवण्यासाठी रंग फवारणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. हे तेच स्टॅन्ली, ज्यांनी पुढे भावाबरोबर वाफेवर चालणाऱ्या मोटारी केल्या. १८७९ च्या सुमारास आयोवात ॲबनर पीलर नावाच्या खटपट्या माणसाने आणखी एक यंत्र जुळवलं. पण आज आपण हातात धरतो त्या यंत्राचा थेट पूर्वज म्हणजे चार्ल्स बर्डिकचा १८९० च्या दशकातला एअरब्रश. पेनासारखा हातात बसणारा, मधून लांब सुई गेलेली, हवा आणि रंग आतल्या आतच मिसळणारा.

बर्डिकची गरज काय होती ते समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. जलरंगात एक थर वाळल्यावर त्यावर ओला ब्रश फिरवला की खालचा रंग परत सुटतो आणि वरच्यात मिसळून चिखल होतो. फवाऱ्यात ब्रश कागदाला टेकतच नाही. रंग धुक्यासारखा येऊन बसतो, खालचा थर हलत नाही. एकावर एक दहा थर द्या, खालचा दहाव्यातूनही दिसत राहतो. मुळगावकरांच्या देवांची कांती आतून उजळल्यासारखी वाटते त्यामागे हे साधं कारण आहे: पातळ थर, भरपूर थर, आणि कुठेच घासाघीस नाही.

छपाईच्या बाजूनेही हे सोयीचं होतं. त्या वेळची रंगीत छपाई चित्राचे बारीक ठिपक्यांत तुकडे करायची. आजीच्या फ्रेमवर भिंग धरलं तर आज फवाऱ्याचे कण दिसत नाहीत, दिसतात छपाईचे ठिपके. पण मऊ उतरत जाणारा रंग ठिपक्यांत छान उतरतो, कारण फवारा हासुद्धा मुळात ठिपकेच.

आता माझं नॉझल का तुंबलं?

एअरब्रशच्या टोकाला असतं नॉझल, म्हणजे धातूचा छोटा शंकू. माझ्या यंत्रात त्याचं भोक ०.३ मिमी आहे. त्यात सुई बसलेली असते. ट्रिगर खाली दाबला की हवा येते, मागे ओढला की सुई मागे सरकते आणि तिच्याभोवती फट तयार होते. टोकाभोवतून वेगाने जाणारी हवा तिथला दाब कमी करते आणि रंग बाहेर ओढला जातो. म्हणजे रंगाला जायची खरी वाट ०.३ मिमीसुद्धा नाही, तर सुई आणि नॉझल यांच्यामधली कडा, कागदाच्या जाडीइतकी.

आता ओला हात पंख्यासमोर धरा. गार वाटतो, कारण पाणी झपाट्याने उडतंय. सुईच्या टोकावर हेच चालू असतं, फक्त पंखा शंभरपट जोरात. टोकावर जो रंगाचा थेंब राहतो त्यातलं पाणी काही क्षणांत उडतं आणि रंग तिथेच वाळतो. त्यावर पुढचा थेंब, त्यावर पुढचा. मॉडेल करणारे याला टिप ड्राय म्हणतात. मग तो गड्डा सुटून मॉडेलवर जाऊन बसतो, नाहीतर फट बंद करून टाकतो.

हे सगळं जलरंगातही होतंच. मग फरक कुठे आहे? फरक आहे रंगातल्या गोंदात.

जलरंगाला धरून ठेवतो तो झाडाचा डिंक. पोस्टाच्या जुन्या तिकिटामागचा डिंक आठवा: वाळलेला असतो, जीभ लावली की परत ओला. वाळणं आणि विरघळणं दोन्ही दिशांना चालतं. त्यामुळे टोकावर वाळलेला जलरंग पाण्याचा थेंब मिळाला की परत वाहायला लागतो. ज्या गुणामुळे कागदावर ब्रश फिरवला की चिखल होतो, तोच गुण नॉझलला वाचवतो.

ॲक्रिलिकचं तसं नाही. बाटलीत असतात पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे अतिसूक्ष्म गोळे. पाणी उडालं की गोळे एकमेकांना चिकटतात, दबतात आणि एकजीव होऊन त्यांचा पापुद्रा बनतो. पांढरा फेविकॉल वाळून पारदर्शक होतो, साधारण तसंच. आता त्या पापुद्र्यावर पाणी ओता, तो परत गोळे होत नाही. वाट एकेरी आहे. चित्रकारांसाठी पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग बाजारात आले तेच १९५० च्या दशकाच्या मध्याला. मुळगावकरांच्या पिढीने फवारा हातात घेतला तेव्हा हे रंग नव्हतेच.

मी चार वर्षं काय करत होतो? नॉझल तुंबलं की पाणी. पाण्यात बुडव, पाण्याने धू, पाणी फवार. पाण्यात मिसळतो तो रंग पाण्याने निघणारच, असा माझा समज. ओला असेपर्यंत निघतो. वाळल्यावर मी नुसता प्लास्टिकला आंघोळ घालत होतो. आतल्या भिंतीवर चार वर्षांचा पापुद्रा जमला होता आणि एप्रिलच्या कोरड्या दुपारी, पंखा फुल्ल ठेवून, मी त्यातून हिरवा रंग ढकलत होतो.

मग मी काय बदललं

सगळ्यात आधी यंत्र पूर्ण खोललं. नॉझल आणि सुई आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर ठेवली. हे पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं, सर्किट बोर्ड पुसायला वापरतात. पटकन पेट घेतं, तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास गॅस किंवा उदबत्ती नको. रबरी रिंगा त्यात टाकू नका, त्या आधी काढून घ्या. सकाळी नॉझलमधून जे निघालं ते हिरवं नव्हतं. करडं, तपकिरी, लाल असे थर एकावर एक. मी आधी रंगवलेल्या सगळ्या विमानांचा इतिहासच म्हणा ना. नॉझलमध्ये तार, टाचणी काही घालू नका. ते भोक मऊ धातूचं असतं, एकदा फाकलं की फवारा कायमचा तिरका. कप आणि आतली नळी साफ करायला केमिस्टकडचा दातांच्या फटींचा बारीक ब्रश उत्तम.

सुई उजेडात धरून फिरवून बघा. टोक किंचित वाकलेलं असेल तर तिथे रंग अडकतोच, मग थिनर कितीही घाला. माझी वाकलेली होती. नवी घेतली.

दुसरा गुन्हेगार बाटलीचं तोंड. तिथे वाळलेल्या रंगाचे कण असतात आणि ते थेंबाबरोबर कपात पडतात. ०.३ मिमीच्या भोकासाठी असा एक कण म्हणजे बोळात अडकलेला ट्रक. माझ्या हिरव्या बाटलीच्या तळाशी तर गुठळ्याच होत्या. दुकानात ती बरीच वर्षं पडून असावी आणि मी तारीख न बघता उचलली होती. आता मी रंग वेगळ्या वाटीत काढतो, तिथेच पातळ करतो आणि जुन्या नायलॉनच्या मोज्याच्या तुकड्यातून गाळून मगच कपात ओततो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. माझ्या अंदाजाने माझा निम्मा त्रास याच एका गोष्टीने गेला.

पातळ किती करायचा? दुधाइतका. वाटीच्या कडेला लावला की पातळ पडदा ठेवून खाली ओघळला पाहिजे. पण नुसतं पाणी घालत बसू नका. पाणी जास्त झालं की गोळ्यांना धरून ठेवणारी रचना मोडते आणि मॉडेलवर रंगाचे थेंब थेंब जमतात. त्या रंगाच्या कंपनीचाच थिनर घ्या. इथे एक फसगत आहे. डबीवर ॲक्रिलिक लिहिलेले सगळे रंग एका जातीचे नसतात. टामियाच्या ॲक्रिलिकमध्ये अल्कोहोल असतं आणि ते अल्कोहोलने छान पातळ होतात. काही पाण्यावरचे रंग मात्र अल्कोहोल पडताच कपातच नासलेल्या दुधासारखे फुटतात. हे मी करून बसलेलो आहे. नवा रंग आधी वाटीत दोन थेंबांवर तपासा, कपात नाही.

वाळण्याचा वेग कमी करायला रिटार्डर मिळतो. कपाला दोन-तीन थेंब पुरेत. जास्त घातला तर रंग दिवसभर चिकट राहतो. आणि पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये मी दुपारी रंगवणं सोडलंच. सकाळी लवकर बसतो, पंखा बंद, घाम येऊ दे. पावसाळ्यात उलटा त्रास: हवेतलं पाणी कॉम्प्रेसरच्या नळीत जमतं आणि रंगाबरोबर पचकन बाहेर येतं. त्यासाठी नळीवर पाण्याचा सापळा बसवतात, तो जुलैमध्ये रोज उघडून रिकामा करा.

दाब मी १५ ते २० पीएसआय ठेवतो. आधी तुंबलं की दाब वाढवायचो, म्हणजे टोकावरचा पंखा आणखी जोरात. चूकच ती.

शेवटची सवय सगळ्यात कंटाळवाणी. दर तीन-चार मिनिटांनी थांबून, क्लीनरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा सुईच्या टोकावरून हलकेच फिरवायचा. वाळायच्या आत. रंग बदलताना कप पुसून, क्लीनर घालून, तो स्वच्छ येईपर्यंत फवारायचा. ट्रिगर सोडताना आधी रंग बंद, मग हवा, म्हणजे टोक कोरडं फुंकलं जातं आणि थेंब राहत नाही.

परत मुळगावकर

या सगळ्या खटाटोपात मला त्यांच्या कामाकडे वेगळ्या नजरेने बघावंसं वाटायला लागलं. कॅलेंडर आर्ट हा शब्द आपल्याकडे नाक मुरडून वापरतात. फवाऱ्याने काय, कुणीही गुळगुळीत करेल, यंत्रच करतं सगळं, असा एक सूर असतो, आणि फ्रेम ढिगावर ठेवताना तो माझ्याही डोक्यात होता. यंत्र काय करतं ते मी चार वर्षं बघितलंय. यंत्र थुंकतं. फवाऱ्यात खोडायची सोय नाही. एक शिंतोडा चेहऱ्यावर पडला की दिवसांचं काम गेलं. कड हवी तिथे कागद कापून झाकायचं, नको तिथे हात उचलून धरायचा, आणि हे सगळं दिवाळी अंक छापायला जाण्याच्या तारखेच्या आत. माझी तारीख मीच ठरवलेली असते, तरी माझी ही अवस्था.

गुळगुळीतपणाचा अतिरेक त्यांच्याकडे होतो, हेही खरं. काही चित्रांत देव आणि नट यांच्या चेहऱ्यात फरक राहत नाही, आणि सगळ्यांना एकच गुलाबी कांती मिळते. दलालांची एखादी रेषा जे सांगून जाते ते तिथे सापडत नाही. पण घरात रोज हात जोडण्यासाठी लोकांनी कापून, काच लावून ठेवली ती मुळगावकरांची चित्रं, आणि त्यासाठी कुणाला पैसेही मोजावे लागले नव्हते. कॅलेंडर फुकट आलं होतं. वर्ष संपल्यावर ते फेकायचं नाही, हा निर्णय मात्र त्या त्या घरातल्या बाईचा.

दलाल १९७१ च्या जानेवारीत गेले. मुळगावकर ३० मार्च १९७६ ला, सत्तावन्नाव्या वर्षी. फोटो आणि पुढे कॉम्प्युटर यांनी मुखपृष्ठांचा ताबा घ्यायच्या आधी. आज तसा विरत जाणारा रंग कुठलंही सॉफ्टवेअर एका क्लिकवर देतं, आणि त्या साधनाचं नावही बहुतेक ठिकाणी एअरब्रशच असतं.

लक्ष्मीची फ्रेम आता आजीच्या नव्या फ्लॅटमध्ये देवघरावर आहे. कसरीचा कोपरा मी रंगवून देतो म्हटलं होतं, रंगही जुळवून बघितला होता. आजीने नको म्हणून सांगितलं, आणि एका परीने बरंच झालं, कारण जुन्या छापील कागदावर ॲक्रिलिक मारलं की ते कधीच परत काढता येत नाही. मागचा सडलेला पुठ्ठा तेवढा बदलला आणि काच घट्ट बसवली.

हरिकेनचे हिरवे पट्टे मे महिन्यात पूर्ण झाले, नव्या बाटलीतून, सकाळी सहा वाजता. पंखावरच्या गुठळ्या बाराशे नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून काढल्या. नीट बघितलं तर डाव्या पंखावर एक अजून दिसते.